पुई-क्वानचे विष्णूकाका

मास्तरकी केलेल्या माणसाला एक वाईट सवय लागते. समोरच्याची वही त्याला उलटी वाचता येते. मी पुण्यात मुलींच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ही सवय माझ्या हाडीमाशी मुरली होती. बर्मिंगहॅमला येऊन सात वर्षं झाली होती, इथल्या लोकांनी माझ्या बीए बीएडला काडीची किंमत दिली नव्हती, तरी ती सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

१९८५ च्या जुलैतला एक शुक्रवार. आमच्या कोपऱ्यावरच्या चायनीज टेकअवेत मी चिप्सची वाट बघत उभी होते. चिप्स माझ्या मुलीसाठी, मीनलसाठी. ती सहा वर्षांची, जन्म इथलाच, आणि शुक्रवारी चिप्स मिळाल्या नाहीत तर तिचा आठवडा संपतच नसे. काउंटरमागे पंधराएक वर्षांची एक चिनी मुलगी ऑर्डरी घ्यायची आणि मधल्या वेळात खाली मान घालून काहीतरी लिहायची. त्या दिवशी तिची वही जरा पुढे सरकली होती. पास्ट परफेक्टचा स्वाध्याय होता. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं.

"चौथं चुकलंय," मी म्हणाले. "आणि सातवं."

तिने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि खोडरबर काढलं. पुढच्या शुक्रवारी मी दुकानात शिरताच तिने वही उचलून माझ्या बाजूला तोंड करून ठेवली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्यापुढे वही ठेवली होती.

तिचं नाव लाउ पुई-क्वान. आईवडील मागच्या स्वयंपाकघरात असत. ते हाँगकाँगजवळच्या एका खेड्यातून आधी इकडे आले, आणि ही बारा वर्षांची होईपर्यंत तिथे आजोबांपाशी राहिली. त्यामुळे हिशेब, केमिस्ट्री सगळ्यात पहिली, आणि इंग्रजीत मात्र आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? तिला फार्मसिस्ट व्हायचं होतं. त्या काळी इथे सोळाव्या वर्षी दोन परीक्षा असत. हुशार मुलांची ती ओ लेव्हल, बाकीच्यांची ती सीएसई. कुणाला कुठे बसवायचं ते शाळा ठरवायची, जानेवारीतली सराव परीक्षा बघून. सीएसईतून वर चढणारी मुलं थोडी. इंग्रजीला तिला सीएसईलाच बसवू असं शाळेचं म्हणणं होतं. तसं झालं असतं तर फार्मसीचं दार तिच्यासाठी जवळजवळ बंदच होतं.

"सराव परीक्षेला सहा महिने आहेत," मी तिला म्हणाले. "मंगळवारी दुकान बंद असतं ना? माझ्याकडे ये. रविवारी सकाळी पण ये." आमचं बोलणं सगळं इंग्रजीत, इथे मराठीत सांगतेय इतकंच.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान माधव, हॉस्पिटलात भूल द्यायचं काम करत. घरीही त्यांचा स्वभाव तसाच, कुणाला जागं करायचा नाही. पण ते सुद्धा म्हणाले, "सुप्रभा, जरा दमानं घे. पोरगी घाबरून पळायची."

पोरगी पळाली नाही. मी ट्रंकेतून आणलेलं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढलं. रोज दहा नवे शब्द. ते ती ऑर्डरीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे लिहून काउंटरखाली खिळ्याला लावायची. एकदा 'रिलक्टंट' शब्दाची चिठ्ठी चुकून आत गेली, तर तिच्या वडिलांनी पुढच्या बाजूची चिनीतली जुनी ऑर्डर वाचून कुणाला तरी न मागवलेली कोंबडी करून दिली. मंगळवारी उतारा वाचून उत्तरं, रविवारी निबंध. आणि निबंध म्हटल्यावर माझी पद्धत एकच, पुण्याची. आदर्श निबंध मी लिहायचे, तो मुलींनी पाठ करायचा. आमच्या शाळेचा निकाल दरवर्षी असाच लागायचा. बाहेरचे त्याला घोका आणि ओका म्हणत. म्हणोत बापडे.

पहिला निबंध पाठ करून आली तेव्हा मी म्हटलं, "हं, म्हण." तर ती खुर्चीवरून उठली, माझ्याकडे चक्क पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हात मागे बांधलेले. मला वाटलं रागावली. एवढ्यात तिने सुरुवात केली आणि दीड पान न अडखळता म्हणून दाखवलं, स्वल्पविरामाला थांबून.

"भिंतीकडे तोंड का?" मी विचारलं.

"आजोबा असंच म्हणायला लावायचे. गुरूकडे पाठ करायची. म्हणजे पुस्तकात बघता येत नाही. आणि त्यांच्या तोंडाकडे बघून चूक-बरोबर ओळखता येत नाही."

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. त्या आजोबांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आम्ही दोघी एकाच घराण्यातल्या निघालो होतो. मी लिहीत गेले, ती पाठ करत गेली. 'पावसाळी दिवस', 'माझा आवडता छंद', 'समुद्रकाठची सहल', 'घरातला एक सोहळा'. वीस निबंध झाले. मीनल जिन्यावर बसून ऐकायची आणि म्हणायची, "आई, ती मुलगी तुला किती घाबरतो!" मी आधी 'घाबरते' करून घ्यायचे आणि मग म्हणायचे, घाबरत नाही, मान देते.

सप्टेंबरात गणपती आले ते नेमके मंगळवारी. मी मोदक वळत होते तेव्हा पुई-क्वान आली. हात धुऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मी करू?" मी हो म्हटलं, उगाच पोरीचं मन कशाला मोडा. तिने पारी हातात घेतली, आणि बघता बघता पाकळ्या पडायला लागल्या, बारीक, एकसारख्या, माझ्या मोदकाला अकरा तर तिच्या मोदकाला एकोणीस. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी तिला ठेवून घेतलं असतं आणि मला परत पाठवलं असतं.

"अगं, हे तुला कसं येतं?"

"माय मदर टीच मी, व्हेन आय..."

"टॉट," मी म्हणाले. "टॉट मी. पूर्ण वाक्य, पुन्हा."

ती पुन्हा म्हणाली, बरोबर म्हणाली, आणि तिथेच थांबली. मी खूश झाले. पुढचं मी ऐकलंच नाही, आणि ऐकायचं राहिलं हेही मला कळलं नाही.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. पुई-क्वान हसत आली. "बाई, विसांतला एक आला!" मला ती बाई म्हणायची, ते मीच शिकवलं होतं. मी तिला साखर दिली.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली ती पांढरीफटक होऊन. हातात शाळेचं पत्र. तिच्या आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे आणलेलं. इंग्रजीच्या पेपरात कॉपी केल्याचा संशय, पालकांनी येऊन भेटावं, आणि सध्या तिला सीएसईला बसवण्याचं ठरलं आहे.

"तू कागद नेला होतास?"

"नाही, बाई."

"मग रडतेस कशाला? मी येते उद्या."

त्या रात्री मी जेवताना इतकी बोलले की डॉक्टरांनी आपण होऊन ताटं उचलली. कॉपी! ही पोरगी! मी शिकवलेली! दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली इरकल नेसले, वर ओव्हरकोट चढवला आणि पुई-क्वानला घेऊन शाळेत गेले. तिच्या आईला दुकान सोडता येईना, तेव्हा पालक मीच.

मिसेस हार्टली ही इंग्रजीची मुख्य शिक्षिका. पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात, बोटांना खडू. बाई माझ्यासारखीच दिसत होती, फक्त गोरी. तिने उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली.

विषय होता, 'घरातला एक सोहळा'. आणि खाली पुई-क्वानच्या सुरेख अक्षरात माझा निबंध होता. आमचे विष्णूकाका पाटावरून गणपतीची मूर्ती घेऊन येतात. आजी दारात त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालते. आम्ही भावंडं झांजा वाजवतो. आई एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवते. आणि शेवटी माझं लाडकं वाक्य, जे मी अकरा वर्षं प्रत्येक मुलीकडून लिहून घेतलं होतं: 'नीडलेस टु से, द जॉय ऑफ यंग अँड ओल्ड नोज नो बाउंड्स.'

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की अगं बाई, एकही चूक नाही!

"हिने कागद नेला नव्हता," मी म्हणाले. "हे हिला पाठ आहे. विचारून बघा."

"पाठ? दोन पानं?"

"पुई-क्वान, म्हण."

ती उठली. मिसेस हार्टलीकडे पाठ करून कपाटाकडे तोंड केलं, हात मागे बांधले. मिसेस हार्टलीच्या भुवया वर गेल्या. मी हळूच म्हणाले, "हा उर्मटपणा नाही. हा मान आहे." पुई-क्वानने पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सगळा गणपती बसवला आणि उठवला. मिसेस हार्टली कागदावर बोट ठेवून बघत होती. बोट कुठेही अडलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कॉपी नाही. मी शब्द मागे घेते. हे लिहिलं कुणी?"

"मी."

"छान आहे. जरा जुन्या वळणाचं आहे, पण छान आहे." मग तिने चष्मा काढला. "मिसेस गद्रे, हे विष्णूकाका कुणाचे?"

"माझे," मी म्हणाले.

"मग मी परीक्षा कुणाची घेतली?"

ती रागाने बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तोंड चालवण्यात मी कधी कुणाला हार गेले नाही. पण ती खरोखरच विचारत होती. मी पुई-क्वानच्या पाठीकडे बघितलं. ती अजून कपाटाकडे तोंड करून उभी होती, कारण मी बस म्हटलं नव्हतं. सहा महिने ही मुलगी माझ्या टेबलाशी बसली होती. हिच्या घरी सण कोणता असतो, त्या दिवशी हिची आई काय करते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. माझी मान खाली गेली. शाळेतल्या बाईंपुढे अशी मान खाली घालून मी त्याआधी फक्त चौथीत उभी राहिले होते.

"माझी चूक," मी म्हणाले. "हिची नाही. हिला आणखी एक संधी द्या. विषय तुमचा."

मिसेस हार्टलीने थोडा विचार केला. "सोमवारी शाळा सुटल्यावर. पाऊण तास. विषय मी आधी सांगणार नाही. जमलं तर ओ लेव्हल, नाही तर सीएसई. नावं त्याच आठवड्यात पाठवायची आहेत."

बसमध्ये पुई-क्वान म्हणाली, "बाई, चार दिवसांत मी आणखी दहा पाठ करते. पंधरा करते."

"एकही नको," मी म्हणाले.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला वाऱ्यावर सोडलं होतं.

रविवारी ती आली तेव्हा टेबलावर फाईल नव्हती, पुस्तक नव्हतं. दोन कप चहा होता. "गणपतीच्या दिवशी मोदक वळताना तू काहीतरी सांगत होतीस," मी म्हणाले. "मी मध्ये तोंड घातलं. आता सांग."

तिने कप दोन्ही हातांत धरला. मग हळूहळू बोलायला लागली. क्रियापदं कुठच्या कुठे जात होती. माझी जीभ शिवशिवत होती, म्हणून मी तोंडात वेलदोडा धरून बसले. मीनल शेजारी येऊन बसली आणि मध्येच विचारायची, "मग?" "आणि तू काय केलीस?" मी मीनललाही दुरुस्त केलं नाही. त्या सकाळी आमच्या घरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही व्याकरणांचे धिंडवडे निघाले आणि मी चहा पीत बसले होते. उठताना पुई-क्वानने विचारलं, "बाई, चुका खूप झाल्या?"

"झाल्या," मी म्हणाले. "पण मला पुढचं ऐकायचं होतं, म्हणून मोजल्या नाहीत."

सोमवारी मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. पाऊण तास. माझ्या स्वतःच्या बीएच्या परीक्षेला सुद्धा मी इतक्या वेळा घड्याळ बघितलं नव्हतं. पेपर संपल्यावर मिसेस हार्टलीने तो तिथेच वाचला, मग बाहेर येऊन माझ्या हातात दिला. "तुम्हीही बघा."

विषय होता, 'माझ्या चांगल्या ओळखीची एक खोली'. पुई-क्वानने दुकानामागचं स्वयंपाकघर लिहिलं होतं. तेलाच्या वाफेने खिडकी कायम आंधळी असते, तिच्यावर बोटाने ती केमिस्ट्रीची समीकरणं लिहिते. वरचा पंखा इतका मोठ्याने चालतो की आईवडील दिवसभर एकमेकांशी ओरडूनच बोलतात. फक्त मंगळवारी दुपारी पंखा बंद असतो. तेव्हा आई डंपलिंग वळते आणि प्रत्येक पाकळी हळू आवाजात मोजते. 'मी बारा वर्षांची होऊन इथे आले तेव्हा मला आईचा चेहरा माहीत होता, आवाज माहीत नव्हता. पहिल्या मंगळवारी मी तिचा आवाज ऐकला. ती एक ते एकोणीस मोजत होती. म्हणून मीही एकोणीस करते.'

मला सवयीने चुका दिसल्या. सतरा होत्या. पण मी ते पान दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले. त्यात मी कुठेच नव्हते. सहा महिने एवढं शिकवलं आणि एका ओळीत सुद्धा नाव नाही! थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती खोली तिची होती, आणि मला तिथे काही काम नव्हतं.

"स्पेलिंगचं तुम्ही बघा," मिसेस हार्टली म्हणाली. "नाव मी ओ लेव्हलला पाठवते."

जूनपर्यंत आम्ही पुन्हा कामाला लागलो, उतारे, शब्द, व्याकरण, सगळं. फक्त निबंध तिचे आणि लाल पेन माझं. ऑगस्टात तिला बी ग्रेड मिळाली. पण ते पुढचं. माझा निकाल फेब्रुवारीतच लागला.

त्या पेपरानंतरच्या रविवारी चिनी नवं वर्ष होतं. दुकान बंद ठेवून लाउ कुटुंबाने आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. पंखा बंद होता, खिडकी पुसलेली होती, काउंटरवर लाल कागद लावले होते. डॉक्टर मांस-मच्छी खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या ताटात कोबीची डंपलिंगं होती, प्रत्येकाला एकोणीस पाकळ्या. त्यांनी मोजून बघितल्या. मीनलला तिच्या आवडीच्या चिप्सही ठेवल्या होत्या, आणि सणाला ते खाणं बरं दिसत नाही हे तिला दोन्ही भाषांत सांगूनही तिने खाल्ल्या.

जेवणं झाल्यावर पुई-क्वानची आई उठली. ठेंगणी बाई, हातांवर तेलाचे जुने डाग. सात वर्षं मी तिला फक्त आतल्या दाराच्या फटीतून बघितलं होतं. तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे दोन संत्री ठेवली. मग ती काही बोलेल म्हणून मी वाट बघतेय, तर तिने माझ्याकडे पाठ केली. लाल कागद लावलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि हात मागे बांधले.

मी पुई-क्वानकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

"गुड आफ्टरनून, बाई," तिची आई भिंतीला म्हणाली. एकेक शब्द सुटा, प्रत्येकानंतर एक श्वास. "माय डॉटर कम टु युवर हाउस. यू टीच हर. नाउ शी टेल मी एव्हरी डे, व्हॉट शी रीड, व्हॉट शी थिंक. बिफोर, शी नॉट टेल." इथे ती अडली. मान खाली गेली, खांदे हलले.  मागे बांधलेल्या हाताची बोटं एकावर एक मोजत गेली, आणि पुढचं वाक्य तिला सापडलं. "नीडलेस टु से, द जॉय ऑफ यंग अँड ओल्ड नोज नो बाउंड्स."

तेवढं वाक्य अगदी अचूक होतं. माझंच होतं. अकरा वर्षांत दोन-अडीच हजार मुलींनी मला ते लिहून दिलं असेल, आणि एकीलाही त्यातलं काही म्हणायचं नव्हतं. मला हुंदका आला. डॉक्टरांनी रुमाल दिला, मीनल म्हणाली, "आई, रडू नको ना, ती चांगला बोलली."

पुई-क्वानची आई अजून भिंतीकडे तोंड करूनच उभी होती. पाठ म्हणून झालं होतं, पण बाईंनी काही सांगितल्याशिवाय हलायचं कसं? मी डोळे पुसले, उभी राहिले आणि पुण्याच्या वर्गात म्हणायचे तसं मराठीतच म्हणाले, "शाबास. बसा."